मोरपंखीची तहान

वहीत ठेवलेली ‘विद्या’ इतके दिवस हिरवी कशी राहते?

हा प्रश्न मुलांचा. मोरपंखीची चपटी डहाळी वहीच्या पानांत ठेवली की अभ्यास येतो, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी या झाडाला मुलं ‘विद्या’ किंवा ‘विद्येचं झाड’ म्हणतात. सहामाही होते, निकाल लागतो (त्याची जबाबदारी झाडावर टाकू नये), पण डहाळीचा हिरवेपणा काही जात नाही. जास्वंदीचं पान त्याच वहीत ठेवलं असतं तर दोन दिवसांत त्याचा पापड झाला असता.

शाळेची बाग बघणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न वेगळा असतो. “जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मोरपंखी चांगली हिरवी होती. पाऊसही वेळेवर आला. मग जुलैत, ऐन पावसात, ती तांबडी पडून वाळली कशी?”

हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांचं उत्तर एकच आहे. ते मिळालं की मोरपंखी कशी लावावी आणि कशी जगवावी, याचा बराचसा भाग आपोआप कळतो.

१. रोपवाटिकेतला घोळ

मोरपंखीचं शास्त्रीय नाव प्लॅटिक्लाडस ओरिएन्टॅलिस. तिचं मूळ घर उत्तर चीन, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्वेकडचा भाग. लिनियसने १७५३ साली तिला थुजांच्या गटात घातलं होतं. आजचं नाव १९४९ सालचं आहे, पण रोपवाटिकांच्या पाट्यांवर अजून ‘थुजा’च दिसतं.

नावाच्या या गोंधळाकडे दुर्लक्ष केलं असतं, पण त्यामुळे रोपं मरतात. बागांत लावला जाणारा खरा थुजा बहुतेक अमेरिकेतला असतो. तो दलदलीच्या काठी, ओलसर जंगलात सुखाने वाढतो. ‘थुजाची निगा’ म्हणून जे सल्ले फिरत असतात, त्यातले पुष्कळ या अमेरिकन भावंडासाठी असतात. माती सतत ओली ठेवा, असं ते सांगतात. मोरपंखी मात्र चुनखडीच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर वाढणारं झाड आहे. सतत ओल्या मातीत तिची मुळं कुजतात.

ओळख सोपी आहे. मोरपंखीच्या डहाळ्यांचे चपटे पंखे उभे असतात आणि पंख्याच्या दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या दिसतात. अमेरिकन थुजाचे पंखे आडवे पसरतात आणि खालची बाजू फिकट असते. फळासारखं काही लागलेलं दिसलं तर आणखी सोपं. मोरपंखीचा कोवळा शंकू निळसर-पांढुरक्या झाकेचा असतो आणि त्याच्या प्रत्येक खवल्याला आकड्यासारखं वळलेलं टोक असतं. तो वाळून तपकिरी झाला की उकलतो आणि आतून गव्हाच्या दाण्याएवढं बिनपंखांचं बी निघतं.

शंकू म्हटलं म्हणजे फूल नाही, हे ओघाने आलंच. देवदार, चीड, मोरपंखी ही सगळी शंकूधारी झाडं. त्यांना पाकळ्यांची फुलं नसतात, फळं नसतात. परागकण वाऱ्यावर उडतात आणि शंकूत बी तयार होतं. त्यामुळे “आमच्या मोरपंखीला फूल का येत नाही, खत कमी पडतंय का?” या चिंतेतून सुटका करून घ्यावी.

आणि हो, कोकणातल्या किनाऱ्यावरचा सुरू शंकूधारी नव्हे. त्याचं रूप फसवं आहे. तो फुलझाडांच्या कुळातला, आणि त्याच्या ‘सुया’ म्हणजे खरं तर बारीक फांद्या असतात. महाराष्ट्राच्या रानात मूळचं असं एकही शंकूधारी झाड नाही. दक्षिण भारतात सह्याद्रीच्या केरळ-तमिळनाडूकडच्या टोकाला एक जात सापडते, तेवढीच. बाकी आपल्या बागांमधले सगळे शंकूधारी पाहुणे आहेत.

२. बीजिंगचा पावसाळा

थंड प्रदेशातलं झाड आपल्याकडे जगतं कसं? इथे थंडीपेक्षा पावसाचा हिशोब बघावा.

बीजिंगने १९८७ साली मोरपंखीला शहराचं झाड म्हणून निवडलं. (तिच्याबरोबर आणखी एका झाडाला हा मान मिळाला.) चीनमध्ये ती देवळांच्या आणि समाध्यांच्या आवारात शतकानुशतकं लावली जाते. शाआन्शी प्रांतातल्या हुआंगलिंगमध्ये एक प्रचंड जुनी मोरपंखी आहे. ती चिनी दंतकथांतल्या खुद्द ‘पीत सम्राटा’ने लावली, अशी तिथली कथा आहे. कथेचं सोडा, पण झाड पुरातन आहे यात वाद नाही.

आता पाऊस. बीजिंगला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत. हे वर्णन कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं ना? माण, सांगोला, आटपाडी या आपल्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत पाऊस पाचशेच्या आसपास, आणि तोही मोजक्या महिन्यांत. म्हणजे तीन-चार महिने पिऊन घ्यायचं आणि उरलेलं वर्ष काटकसरीत काढायचं, ही शिस्त मोरपंखी घरूनच शिकून आलेली आहे.

फरक एकच, पण मोठा. तिकडचे कोरडे महिने बहुतेक थंड असतात. जानेवारीत बीजिंगचं सरासरी तापमान शून्याच्या खाली असतं. झाड तेव्हा जवळजवळ निजलेलं असतं, त्याला पाणी फारसं लागतच नाही. आपल्याकडे कोरडेपणा आणि चाळीस अंशांचं ऊन एकाच वेळी येतं, मार्च ते मे. पाणी नाही आणि खर्च मात्र सगळ्यात जास्त, असे हे तीन महिने. ‘दुष्काळ सोसणारं झाड’ ही पाटी वाचताना हा फरक विसरला की पुढचे घोटाळे होतात.

३. पाइपात हवा धरते तेव्हा

शेतावर पाइपलाइन असलेल्याला ‘हवा धरली’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मोटर चालू असते, पाणीही असतं, पण मध्येच हवेचा फुगा अडकतो आणि पुढे थेंब येत नाही.

झाडातही हे घडतं. पानांतून पाण्याची वाफ होते आणि ती जागा भरून काढायला खालचं पाणी वर ओढलं जातं. मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा ताणलेला धागाच असतो म्हणा. माती ओली असेल तर तो सहज वर सरकतो. माती कोरडी पडू लागली की झाडाला जास्त जोर लावून ओढावं लागतं, ताण वाढतो, आणि एका हद्दीनंतर धागा तुटून नळीत हवा शिरते. ती नळी मग बाद.

आंबा, निंब अशा झाडांच्या नळ्या रुंद आणि लांब असतात. पाणी भराभर वाहतं, वाढ जोमदार होते, पण एका नळीत हवा धरली की बराच पल्ला बंद पडतो. मोरपंखीच्या खोडात लांब नळ्याच नसतात. असतात त्या काही मिलिमीटर लांबीच्या, केसाहून बारीक नळकांड्या, एकीला एक लागून. पाणी एका नळकांड्यातून शेजारच्यात जातं ते भिंतीतल्या छोट्या भोकांतून, आणि या प्रत्येक भोकात एक झडप बसवलेली असते. मध्ये घट्ट चकती, तिच्याभोवती झिरझिरीत जाळी. दोन्हीकडे पाणी असेल तर पाणी जाळीतून जातं. एका बाजूला हवा शिरली की चकती ओढली जाऊन भोकावर घट्ट बसते. नुकसान त्या एका नळकांड्यापुरतं राहतं.

मोरपंखीच्या कुळात ही कारागिरी टोकाला गेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॅलिट्रिस नावाच्या तिच्या नातलगाची २०१५ साली मोजणी प्रसिद्ध झाली. वातावरणाच्या दाबाच्या १८० पटींहून जास्त ताण आल्यावर त्याच्या निम्म्या नळकांड्या बंद पडल्या. तोवर मोजलेल्या झाडांत हा उच्चांक होता. मोरपंखी तितकी कणखर आहे असं नव्हे, पण घराणं तेच.

याची किंमतही झाड मोजतं. बारीक नळकांड्यांतून पाणी हळू चढतं, म्हणून वाढ हळू. दोन वर्षांत भिंत झाकून टाका, अशी मागणी मोरपंखीकडे करण्यात अर्थ नाही. शिवाय हे सगळं पाणी झाडात आल्यानंतरचं कौशल्य आहे. मुळंच खोल गेलेली नसतील तर झडपा तरी काय करणार?

४. मान न टाकणारं झाड

आता वहीतल्या डहाळीकडे येऊ.

जास्वंदीचं पान ताठ असतं ते आत भरलेल्या पाण्यामुळे. पाणी कमी झालं की ते लोळतं. आपण म्हणतो, झाडाने मान टाकली, आणि धावत जाऊन पाणी घालतो. संध्याकाळी ते परत ताठ. म्हणजे मान टाकणं हा झाडाचा निरोप असतो, आणि तो वेळेत पोचतो.

मोरपंखीची पानं म्हणजे डहाळीला चिकटलेले एक-दोन मिलिमीटरचे खवले. त्यांच्यावर मेणाचा जाड थर असतो. त्यांचा ताठपणा पाण्यावर फारसा अवलंबून नसतो, टणक तंतूंवर असतो. पाणी हळूहळू उडतं, आकार बदलत नाही, आणि वहीच्या अंधारात हिरवा रंग उन्हाने विटतही नाही. म्हणून विद्या हिरवी.

वर्गात करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. जास्वंदीची पानं आणि मोरपंखीची डहाळी सारख्या वजनाची घ्या, ताटलीत ठेवा आणि आठवडाभर रोज त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून फळ्यावर लिहा. दोन आलेख काढले की पाण्याची काटकसर म्हणजे काय, हे पाचवीतल्या मुलालाही दिसतं.

झाड उभं असतानाही असंच होतं. मे महिन्यात मुळं वाळून गेली तरी डहाळ्या काही आठवडे हिरव्या राहतात. जूनमध्ये शिक्षक बघतात तेव्हा झाड हिरवं दिसतं, पण आतून संपलेलं असतं. जुलैत खवल्यांचा रंग जातो आणि पावसावर आळ येतो. मोरपंखी तहान कळवत नाही. रंग उतरला म्हणजे निरोप आला असं समजू नका, तो मृत्यूचा दाखला असतो.

म्हणून पानांकडे बघून पाणी घालायचं नाही. बोट मातीत खुपसून बघायचं. दोन पेरं खोल गेल्यावरही माती कोरडी लागली तर पाण्याची वेळ झाली.

५. लावताना

लावायची वेळ म्हणजे चांगला पाऊस होऊन जमीन भिजल्यानंतरची, जूनचा शेवट ते जुलै. मुळांना पावसाळ्याचे तीन महिने फुकट मिळतात.

रोप लहान घ्यावं, फूट-दीड फुटाचं. इथे शाळांचा नाइलाज असतो हे मान्य. पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण म्हटलं की फोटोत दिसेल असं पुरुषभर उंच झाड आणलं जातं. पण त्या झाडाला पालवी भरपूर आणि मुळं मात्र पिशवीत मावतील तेवढीच. पहिल्या उन्हाळ्यात खर्च जास्त, मिळकत कमी. छोटं रोप तीन-चार वर्षांत अशा झाडाला गाठतं, हा अनुभव कुठलाही माळी सांगेल. पिशवी फाडल्यावर मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर ती हाताने सोडवावीत, न सुटणारी कापावीत. गुंडाळी तशीच राहिली तर मुळं त्याच घेऱ्यात फिरत बसतात.

खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल पुरे. भराव जमिनीप्रमाणे बदलतो. मुरमाड जमिनीत निघालेल्या मातीत पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. काळ्या चिकण मातीत खड्डाच धोक्याचा असतो, कारण पावसाळ्यात त्यात पाणी साचून राहतं. तिथे मुरूम मिसळून वीतभर उंचीचा उंचवटा करावा आणि रोप त्यावर लावावं. आपल्याकडच्या मोरपंखी उन्हाळ्यात तहानेने मरतात, तशा पावसाळ्यात बुडूनही मरतात.

ऊन दिवसभर हवं. सावलीत ती विरळ, केविलवाणी होते. मात्र पश्चिमेच्या भिंतीला किंवा फरसबंदीला अगदी चिकटून लावू नये. तापलेली भिंत त्या बाजूचे खवले भाजते. चार-पाच फूट अंतर ठेवावं.

६. पाण्याचं गणित

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

एक मीटर व्यासाचं आळं घेऊ. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.७८ चौरस मीटर. वीतभर खोल ओल जायला साधारण २५ मिलिमीटर पाणी हवं. म्हणजे ०.७८ × २५, सुमारे २० लिटर. एक मोठी बादली. हे पाणी आठवड्यातून एकदा, सावकाश. रोज झारीने तीन-तीन लिटर शिंपडलं तर आठवड्याचं पाणी जवळपास तेवढंच होतं, पण ते वरच्या दोन बोटांतच राहतं आणि दुपारपर्यंत उडून जातं. मुळंही मग वरच रेंगाळतात. आळ्यावर पालापाचोळ्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घातलं की ओल बरीच टिकते. खोडाला मात्र ते चिकटू देऊ नये.

पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात असं पाणी द्यायचं. दुष्काळ सोसायची ताकद खोल मुळांतून येते आणि मुळं खोल जायला तेवढा काळ लागतो. पुढे महिन्यातून एखादं खोल पाणी दिलं तरी निभतं. त्यानंतर मात्र लाडाने रोज पाणी घालणाऱ्यांना आवरावं लागतं.

आता शाळेचं उदाहरण. कुंपणाच्या ३० मीटर बाजूला मोरपंखीची सलग रांग हवी आहे. दोन रोपांत ७५ सेंटिमीटर अंतर धरलं तर ४१ रोपं. दर आठवड्याला ४१ × २० = ८२० लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण १७ आठवडे, म्हणजे जवळजवळ १४,००० लिटर. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथल्या शाळेने हा आकडा ठरावात लिहिण्याआधी विचार करावा. त्याऐवजी फाटकाच्या दोन्ही बाजूंना आणि झेंड्याच्या कट्ट्यामागे मिळून नऊ-दहा रोपं लावली तर २०० लिटरच्या एका पिंपात आठवडा भागतो.

माझं मत विचाराल तर शाळेत तेवढीच असावीत. मोरपंखीखाली बसता येत नाही, ती सावली देत नाही. मधल्या सुट्टीत डबा खायला निंब, करंज, चिंच हवीत. मोरपंखी आडोशाला, धुळीला अडवायला आणि वर्षभर हिरवं दिसायला उत्तम. दाट झुडपात मुनियांची घरटीही सापडतात. पण सगळं आवार तिने भरणं हा पाण्याचाही आणि जागेचाही अपव्यय आहे.

७. कात्री, कोळी आणि काडेपेटी

झाडाचा आतला भाग तपकिरी दिसला तर घाबरू नये. जुने खवले आतल्या बाजूला वाळतातच. कात्री मात्र त्या तपकिरी भागापर्यंत नेऊ नये. कडुनिंब बुंध्यापर्यंत छाटला तरी फुटतो. मोरपंखीच्या बिनपानांच्या लाकडातून सहसा नवी फूट येत नाही, तिथे कायमचं भगदाड पडतं. हिरव्या टोकांची हलकी छाटणी पावसाळ्यात एकदा, एवढं पुरेसं आहे.

उन्हाळ्यात खवले धुरकट, पिवळट दिसू लागले तर पांढऱ्या कागदावर डहाळी झटकावी. कागदावरचे ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी. पाइपाच्या जोरदार फवाऱ्याने झाड आतून-बाहेरून धुतलं की बराच आवाक्यात येतो आणि आठ महिन्यांची धूळही निघते.

पालवीत तेल आणि राळ असते, त्यामुळे आतला वाळका भाग झटकन पेटतो. कचरा जाळायची जागा आणि होळी या झाडापासून लांब असावी. डहाळी वहीत ठेवायला हरकत नाही, पण त्याच तेलामुळे चघळायला आहे. ती पोटात जाऊ देऊ नये, एवढं लहान वर्गांना सांगावं.

८. सुट्टीचे दिवस

मे महिन्यात शाळा बंद, माळी असलाच तर गावी, आणि ऊन सर्वांत कडक. शाळांमधली पुष्कळशी मोरपंखी याच दिवसांत जाते. रोपं नऊ-दहाच असतील तर शेजारच्या दोन घरांना आठवड्याचा वार वाटून देता येतो. ठिबक असेल तर कुणीतरी किल्ली फिरवायला हवी, आणि नळ्यांची तोंडं क्षारांनी बुजलेली नाहीत ना, हे सुट्टीआधी बघायला हवं. बोअरच्या जड पाण्यावर ती हमखास बुजतात. किल्ली फिरते, पाणी आल्याचं समाधान होतं आणि आळं कोरडंच राहतं.

शाळा उघडल्यावर रंगावर विश्वास ठेवू नये. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर झाड जिवंत आहे. कोरडा तपकिरी निघाला तर आणखी खाली, खोडाकडे जाऊन बघावं. खोडाशीही तपकिरीच असेल तर झाड गेलेलं आहे, वरून कितीही हिरवं दिसो. ते तेव्हाच काढून जागा मोकळी करावी, म्हणजे नवं रोप त्याच पावसाळ्यात लागतं. काढताना मुळांकडे बघावं. ती कोरडी, कडक असतील तर पाणी कमी पडलं होतं. काळी, मऊ, वास येणारी असतील तर पाणी साचलं होतं, आणि मग नवं रोप त्या खड्ड्यात न लावता शेजारी उंचवटा करून लावावं.